खुला बाजार आणि आमची पेढी

आमच्या घरी सायंकाळचे जेवण सूर्यास्तापूर्वी होते. त्यामुळे पेढीवर अर्धवट राहिलेले वाद बहुधा ताटावरच पुरे होतात. २०२३ च्या सप्टेंबर महिन्यातील अशाच एका संध्याकाळी बाबांनी हातातला घास ताटात परत ठेवला आणि विचारले, "सकाळी जो माल कायद्यात बसत होता, तो संध्याकाळी गुन्हा कसा ठरतो?" प्रश्न मला होता. घरात अर्थशास्त्र शिकलेली मी एकटी, आणि 'सरकारने बाजारातून बाजूला व्हावे' हे वाक्य पुण्याहून परतल्यापासून मीच सर्वांत अधिक वेळा उच्चारलेले. एरवी माझे हे वाक्य हसण्यावारी नेणारे बाबा त्या दिवशी माझ्याच बाजूने बोलत होते, आणि मला त्याचा आनंद होत नव्हता.

लातूरच्या आडत बाजारात आमची भुसाराची पेढी आहे. ती आजोबांनी, म्हणजे आम्ही सारे ज्यांना अण्णा म्हणतो त्यांनी, सुरू केली. तूर, हरभरा, सोयाबीन, थोडा उडीद-मूग एवढाच व्यवहार. त्या वर्षी २ जून रोजी तूर आणि उडीद यांच्या साठ्यावर मर्यादा आली होती : घाऊक व्यापाऱ्याला प्रत्येक डाळीचे २०० टन. आम्ही त्या मर्यादेच्या आत होतो. गोदामात १३० टन तूर होती. ती वहीत होती आणि सरकारी पोर्टलवरही नोंदलेली होती. सप्टेंबरच्या अखेरीस नवी अधिसूचना निघाली आणि २०० टनांचे ५० टन झाले. उरलेले ८० टन मुदतीच्या आत काढणे भाग होते. आमच्यासारख्या प्रत्येकालाच ते भाग होते, म्हणून सर्वांचा माल एकाच सुमारास बाजारात उतरला. घेणार कोण? डाळमिलवाला घेईल म्हणावे, तर त्याच अधिसूचनेने मिलची मर्यादाही तीन महिन्यांच्या उत्पादनावरून एका महिन्याच्या उत्पादनावर आणली होती. म्हणजे विकणाऱ्याला 'लवकर विक' आणि घेणाऱ्याला 'जास्त घेऊ नको' असे दोन्ही हुकूम एकाच कागदावर. आम्ही पडत्या भावात विकले. नोव्हेंबर महिन्यात मर्यादा पुन्हा २०० टन झाली. तोवर आमचे गोदाम रिकामे झाले होते.

त्या दिवाळीला निर्वाणलाडू चढवला, संध्याकाळी वहीपूजनही झाले; परंतु नव्या वहीच्या पहिल्या पानाला गंध लावताना बाबा म्हणाले, "ही पेढी माझ्यापर्यंतच. पोरांनी नोकरी पाहावी." धाकटा भाऊ काही बोलला नाही. मीही बोलले नाही. तेव्हा मनात जे आले आणि पुढच्या दोन वर्षांत त्याचे जे झाले, ते आज या पानांवर मांडते आहे. वाचकांपैकी पुष्कळांच्या घरी हीच चर्चा चालू असणार, याची मला कल्पना आहे.

महाविद्यालयात असताना फ्रीड्रिश हायेक यांचा १९४५ सालचा एक निबंध हाती आला. समाजातील ज्ञान कोणा एकाच्या डोक्यात नसते, ते असंख्य माणसांत तुकड्यातुकड्यांनी विखुरलेले असते, आणि ते सारे तुकडे एकत्र आणण्याचे काम 'भाव' नावाची एक लहानशी संख्या करीत असते, असे त्याचे सार. वर्गातील इतरांना हा विचार अवघड वाटला. मला वाटला नाही, कारण मी तो लहानपणापासून पाहत आले होते. आमच्या बाजारात सकाळी नमुना पाहून भाव निघतो. त्याला आम्ही पोटलीचा भाव म्हणतो. तो भाव निघाला की काही क्षणांत अकोल्यात, कलबुर्गीत, इंदूरला पोहोचतो. पोहोचवणाऱ्याला हे ठाऊक नसते की औसा तालुक्यात फुले गळाली म्हणून तूर दोनशेने वाढली, की म्यानमारहून येणारे जहाज लांबले म्हणून. ठाऊक असण्याची गरजही नसते. वाढलेला भाव वाचून मिलवाला जपून दळतो, शेतकरी थोडा थांबतो आणि घरची गृहिणी तुरीऐवजी मुगाची डाळ घेते. कोणी कोणाला आज्ञा केलेली नसते. हे पाहिलेल्या मुलीला दिल्लीतील एखादा अधिकारी या संख्येपेक्षा अधिक शहाणा असेल हे पटवणे कठीण जावे, यात नवल नाही.

साठा या शब्दाविषयीही माझे मत तेव्हाच बनले. तूर साधारण डिसेंबर ते मार्च या काळात बाजारात येते आणि बारा महिने खाल्ली जाते. मधले महिने ती कोठेतरी असली पाहिजे. शेतकऱ्याला पैशांची निकड असते, त्याच्या घरात जागा नसते, कीड लागण्याचे भय असते. म्हणून ती आमच्यासारख्यांच्या गोदामात असते. आम्ही पैसा अडकवतो, व्याज भरतो आणि भाव पडला तर बुडतो. मार्चमध्ये माल बाजूला ठेवणारा मार्चमधील भाव थोडा चढवतो हे खरे. परंतु सप्टेंबरमध्ये तोच माल बाहेर आला म्हणून सप्टेंबरचा भाव तितकाच कमी राहतो. ॲडम स्मिथ यांनी १७७६ च्या आपल्या ग्रंथात धान्य साठवणाऱ्या व्यापाऱ्याविषयीच्या लोकभयाची तुलना चेटकिणीच्या भयाशी केली आहे. हा मजकूर वाचला त्या दिवशी मी बाबांना दूरध्वनी करून सांगितला होता. बाबा म्हणाले, "अडीचशे वर्षांपूर्वी लिहून ठेवले, तरी आमचा इन्स्पेक्टर काही वाचत नाही."

आणि तुरीचेच एक उदाहरण मी वादात नेहमी पुढे करीत असे. २०१५ साली पाऊस कमी झाला, तूरडाळ किलोला २०० रुपयांच्या घरात गेली. साठ्यावर मर्यादा आल्या, धाडी पडल्या. त्या धाडींनी तुरीचा एक दाणाही नव्याने निर्माण झाला नाही. निर्माण केला तो भावाने. चढा भाव पाहून शेतकऱ्याने पुढच्या हंगामात तूर पेरली, पाऊसही चांगला झाला, आणि देशातील तुरीचे उत्पादन सुमारे २५ लाख टनांवरून सुमारे ४८ लाख टनांवर गेले. त्या वेळी सरकार काय करीत होते? डाळींच्या निर्यातीवर २००६ पासून असलेली बंदी तशीच होती, आणि २०१६-१७ या वर्षी सर्व डाळी मिळून सुमारे ६६ लाख टन आयात झाली. तुरीचा भाव बोनस धरून जाहीर झालेल्या ५,०५० रुपयांच्या हमीभावाखाली कोसळला. खरेदी केंद्रांपुढे ट्रॅक्टरांच्या रांगा लागल्या, बारदाना संपला. तुरीची निर्यात खुली झाली ती सप्टेंबर २०१७ मध्ये, म्हणजे शेतकऱ्याचा माल विकून झाल्यावर. आयातीवर मर्यादा घातली ती त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये. तिचा फटका बसला तो मोझांबिकच्या शेतकऱ्यांना, ज्यांना वर्षभरापूर्वीच करार करून आपण तूर पिकवायला प्रोत्साहन दिले होते. भाव पुढचे पाहतो आणि हुकूम मागचे पाहतो, असे मी म्हणत असे.

हे सारे मी आजही खरे मानते. परंतु एवढ्यावर लेख संपवला, तर तो मी एकविसाव्या वर्षी लिहिलेला लेख ठरेल.

पहिला धक्का आईने दिला. २०१५ ची माझी कथा ऐकता ऐकता ती पोळी लाटताना सहज म्हणाली, "त्या वर्षी आपल्याकडे भांडी घासायला येणाऱ्या मावशींनी घरी वरण करणे सोडले होते. पुढच्या वर्षी शेतकरी तूर पेरील, तोवर त्यांच्या मुलांनी काय खायचे, ते तुझ्या पुस्तकात असेल ना?" पुस्तकात नव्हते. भाव वाढला की गृहिणी मुगाकडे वळते हे मी वर लिहिले आहे. जिच्याकडे वळायला दुसरे काही नाही तिचा हिशेब त्या वाक्यात नाही. सरकारला काही करावेसे वाटते ते केवळ निवडणुकीपोटी, असे आपण व्यापारी घरांत फार सहज म्हणतो.

दुसरा धक्का अण्णांचा होता, आणि तो अधिक खोल गेला. त्यांचे वय आता पंच्याऐंशीच्या पुढे. १९७३ साली सरकारने गव्हाचा घाऊक व्यापार ताब्यात घेतला आणि वर्षभरात सोडून दिला, ती हकीकत ते मोठ्या चवीने सांगतात, म्हणून मी त्यांना आपल्याच पक्षाचे समजत होते. एकदा मी त्यांना म्हटले, "अण्णा, तुमच्या तरुणपणी तर बाजार खुलाच असेल." ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "होता. तो कसा होता हे सांगायला आता माझ्याएवढे कोणी उरले नाहीत, म्हणून तुम्हांला तो आवडतो."

पेढी काढण्यापूर्वी अण्णा एका मोठ्या व्यापाऱ्याकडे मुनीम होते आणि खेडा खरेदीला जात. बाजार समितीचे नियम त्या खेड्यांपर्यंत पोहोचलेले नव्हते. भाव रुमालाखाली ठरे. व्यापारी आणि दलाल रुमालाआड एकमेकांची बोटे दाबून आकडा सांगत. ज्याचा माल तो शेतकरी शेजारी उभा राहून रुमालाकडे पाहत राही. भाव ठरल्यावर कडता कापला जाई, म्हणजे वजनातून दर पोत्यामागे काही शेर सूट. त्यावर मातेऱ्याची सूट, वटाव, तोलाई, हमाली, नमुना म्हणून काढलेल्या आणि परत न केलेल्या ओंजळी. माप मालकाचे, मापाडी मालकाचा. शेतकऱ्याने आधीच उचल घेतलेली, त्यामुळे दुसऱ्याकडे जाण्याचा मार्ग नाही. "आणि शेवटी धर्मादा," अण्णा म्हणाले. "पट्टीत धर्मादा म्हणून शेतकऱ्याच्या पैशांतून कापायचे. त्या पैशांतून मालक पांजरपोळाला देणगी द्यायचे आणि पाटीवर नाव मालकांचे लागायचे. मी स्वतः ती पट्टी लिहिली आहे. अक्षर माझे आहे."

धर्मादा या शब्दाचा हा इतिहास मला ठाऊक नव्हता. मी नंतर त्याविषयी वाचले. वऱ्हाडात कारंजा येथे १८८६ साली देशातील पहिली नियंत्रित बाजारपेठ स्थापन झाली. कारंजा आपल्या समाजाला ग्रंथभांडारांमुळे आणि मंदिरांमुळे ठाऊक आहे. बाजाराच्या इतिहासात त्याचे हे आणखी एक स्थान आहे. १८९७ मध्ये वऱ्हाडासाठी कापूस व धान्य बाजारांचा कायदा झाला, १९२७ मध्ये मुंबई इलाख्यात कापसापुरता, १९३९ मध्ये सर्व शेतमालासाठी, आणि १९६३ मध्ये आपल्या राज्याचा आजचा बाजार समिती कायदा. पहिल्या कायद्यामागे शेतकऱ्याविषयी कळवळा नव्हता, मँचेस्टरच्या गिरण्यांना चांगला कापूस वेळेवर मिळावा ही काळजी होती. तरीही या कायद्यांच्या मालिकेने जे केले ते मोठे आहे. रुमाल गेला, उघडा लिलाव आला. कडता आणि धर्मादा यांसारख्या मनमानी कपातींना बंदी झाली. तपासलेला काटा आला. पैसे केव्हा द्यायचे ते ठरले.

आता विचारपूर्वक पाहा. ज्या पोटलीच्या भावाचे मी एवढे गुणगान केले, तो अकोल्याला आणि इंदूरला विश्वासाने स्वीकारला जातो तो का? रुमालाखालचा भाव कोणी मानला असता का? ज्या संख्येत मला हायेक यांचा सिद्धांत दिसत होता, ती संख्या जाहीर व्हावी यासाठी एका कायद्याने रुमाल उचलावा लागला होता.

तेव्हापासून मी माझ्यापुरते दोन शब्द वेगळे केले : नियम आणि हुकूम. काटा खरा असावा, लिलाव उघडा असावा, चोवीस तासांत पैसे मिळावेत, हे नियम. ते आजच्यासारखेच उद्याही असतात, मोठ्या पेढीला आणि लहान पेढीला सारखेच असतात, आणि भाव किती निघावा याविषयी ते काहीच बोलत नाहीत. साठा आज २०० टन, उद्या ५०, परवा पुन्हा २००, हा हुकूम. गव्हाच्या बाबतीत तर जून २०२३ मध्ये व्यापाऱ्याला ३,००० टनांची मर्यादा आली. सप्टेंबरात ती २,००० झाली, डिसेंबरात १,०००, आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये ५००. एका हंगामात चार आकडे. ज्याला पुढच्या महिन्याचा आकडा ठाऊक नाही, तो पुढच्या महिन्यासाठी माल ठेवणार नाही. आणि मग ऐन टंचाईत गोदामे रिकामी सापडतील, ज्या टंचाईच्या भयाने हुकूम काढला तीच अधिक तीव्र होईल. ऑगस्ट २०१८ मध्ये हमीभावाखाली खरेदी करणाऱ्या व्यापाऱ्याला एक वर्षाची कैद आणि ५० हजार रुपये दंड करण्याचा राज्य मंत्रिमंडळाचा निर्णय जाहीर झाला, तेव्हा काय झाले ते वाचकांना आठवत असेल. अनेक बाजार समित्यांतील खरेदीच थांबली. नेमके तेव्हाच मूग आणि उडीद काढणीला आले होते. भिजका मूग हमीभावाने कोण घेणार, आणि कमी भावाने घेऊन तुरुंगात कोण जाणार? शेतकऱ्याच्या रक्षणासाठी काढलेल्या हुकुमाने शेतकऱ्याला दारातून परत पाठवले.

येथपर्यंत व्यापारी वाचक माझ्याशी सहमत होतील. पुढचे लिहिताना मात्र संकोच वाटतो, कारण ते आपल्याच घराविषयी आहे.

जून २०२० मध्ये शेतमालाविषयीचे तीन अध्यादेश निघाले, त्यांचे पुढे कायदे झाले. बाजार समितीच्या आवाराबाहेर केवळ पॅन कार्डाच्या आधारे कोणालाही खरेदी करण्याची मुभा मिळाली, तीही बाजार फी न भरता. मी अत्यंत आनंदले. बाबा नाराज होते. "उद्या कोणीही टेम्पो घेऊन येईल, शेतकऱ्याचा माल नेईल आणि पैसे बुडवील," असे ते म्हणत. या म्हणण्यात तथ्य होते. पण ते तेवढ्यासाठीच नाराज नव्हते, हे त्यांना आणि मलाही ठाऊक होते. आवारातील गाळा आणि परवाना ही आमची मिळकत आहे. नव्या माणसाला गाळा मिळणे किती अवघड असते, हे आम्हांला चांगले ठाऊक असते आणि त्याचे आम्हांला वाईट वाटत नाही. आपल्या मालाला खुला बाजार हवा. आपल्या ओट्यावर दुसरा कोणी बसू नये म्हणून मात्र सरकारचा शिक्का हवा. त्याच सुमारास शालेय साहित्य आणि किराणा यांची एजन्सी चालवणारे माझे काका म्हणू लागले होते की मोबाईलवर मागवून घरपोच देणाऱ्या कंपन्यांच्या सवलतींवर सरकारने बंदी आणावी. एका पंगतीला बसून बाबा म्हणत, सरकारने हात काढावा; काका म्हणत, सरकारने हात घालावा; आणि दोघांनाही आपापले म्हणणे तत्त्वाचे वाटे. ॲडम स्मिथ यांनी साठ्याविषयी जे लिहिले ते मी बाबांना दूरध्वनी करून सांगितले होते. त्याच ग्रंथात त्यांनी असेही लिहिले आहे की एका धंद्यातील माणसे एकत्र जमली की त्यांचे बोलणे बहुधा गिऱ्हाइकाविरुद्धच्या कटात संपते. ते मात्र मी दूरध्वनी करून सांगितले नव्हते.

नियमाविना मोकळीक किती महाग पडते, याचे उदाहरण आपल्याच वर्तुळातील पुष्कळांनी पाहिले आहे. नॅशनल स्पॉट एक्स्चेंजला २००७ मध्ये वायदेबाजाराच्या कायद्यातून काही अटींवर सूट देण्यात आली होती. पुढे तेथे माल आज घेऊन काही दिवसांनी परत देण्याचे जोडव्यवहार सुरू झाले आणि निश्चित परताव्याच्या आशेने लोकांनी त्यात पैसा घातला. ३१ जुलै २०१३ रोजी व्यवहार थांबले, तेव्हा सुमारे १३,००० गुंतवणूकदारांचे सुमारे ५,६०० कोटी रुपये अडकलेले निघाले आणि कागदावर दिसणारा पुष्कळसा माल गोदामांत नव्हता. गोदामात माल आहे की नाही हे पाहायला जाणारा इन्स्पेक्टर नेहमी त्रासदायकच असतो, असे आता मला म्हणवत नाही.

या विषयावर अण्णांशी बोलताना त्यांनी एकदा श्रावकाच्या व्रतांची आठवण करून दिली. अचौर्य अणुव्रताचे जे पाच अतिचार सांगितले आहेत त्यांत खोटी मापे वापरणे, म्हणजे हीनाधिक मानोन्मान, आणि भेसळ, म्हणजे प्रतिरूपक व्यवहार, हे येतात. आणि राज्याचे नियम ओलांडून व्यापार करणे हाही त्यातलाच अतिचार आहे. मी विचारले, मग हुकूम चुकीचा असला तरी पाळायचा का? "पाळायचा, आणि चुकीचा आहे असे मोठ्याने सांगायचे. लपवून ठेवलेल्या पोत्यांना मोठ्याने बोलता येत नाही," असे त्यांचे उत्तर होते. मग थोडे हसून म्हणाले, "साठ्याची मर्यादा आपल्याला नवी नाही गं. परिग्रह-परिमाणात धनधान्याची मर्यादा आपण आपल्याला घालून घेतोच. फरक एवढाच, की ती आपण दर महिन्याला बदलत नाही." सप्टेंबरात आमची ८० टन तूर विकली गेली ती याच घरात, याच माणसाच्या डोळ्यांदेखत. ती शेजारच्या गावातील एखाद्या गोदामात दुसऱ्याच्या नावाने हलवणे अशक्य नव्हते. ज्यांनी तसे केले त्यांनी नोव्हेंबरात नफा मिळवला. वारंवार बदलणाऱ्या हुकुमाचा सर्वांत मोठा दोष मला हा वाटतो, की तो पाळणाऱ्याला दंड करतो आणि चुकवणाऱ्याला बक्षीस देतो.

मग सरकारने करावे काय? आईचा प्रश्न मी टाळू इच्छित नाही. डाळ महागली तर सरकारने हस्तक्षेप केलाच पाहिजे. पण तो स्वतःच्या मालाने करावा. भाव पडलेले असताना शेतकऱ्याकडून विकत घेऊन ठेवावे आणि भाव चढल्यावर ते बाजारात सोडावे. जुलै २०२३ मध्ये 'भारत डाळ' या नावाने हरभऱ्याची डाळ किलोला ६० रुपयांनी विकायला सुरुवात झाली, ती मला साठामर्यादेपेक्षा कितीतरी प्रामाणिक उपाय वाटते. तिने आमचाही भाव दबतो, बाबांना ती आवडत नाही. परंतु त्यात आमचा माल बेकायदेशीर ठरत नाही आणि मावशींच्या घरी वरण शिजते. आणि साठ्यावर मर्यादा घालायचीच असेल, तर ती केव्हा लागेल हे आधी लिहून ठेवावे. २०२० च्या दुरुस्तीत हे होते : नाशवंत फळे-भाज्यांचा किरकोळ भाव दुपटीवर गेला, किंवा टिकाऊ धान्याचा ५० टक्क्यांनी वाढला, तरच मर्यादा. आकडे चूक की बरोबर यावर वाद घालता येईल. पण हा नियम होता, हुकूम नव्हता. १२ जानेवारी २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तिन्ही कायद्यांना स्थगिती दिली, आणि त्याच वर्षी जुलै महिन्यात डाळींवर पुन्हा साठामर्यादा आली. नोव्हेंबरात तिन्ही कायदे मागे घेतले गेले, त्यांबरोबर हे कलमही गेले. बाजार समितीच्या वादात कोणी त्याच्यासाठी अश्रू ढाळले नाहीत. आमच्या व्यापारी संघटनांनी बाजार फीसाठी जेवढी निवेदने दिली, त्याच्या निम्मी या कलमासाठी दिली असती तर बरे झाले असते.

माझे पुण्याचे मित्र मला आता बाटलेली म्हणतात. त्यांच्या मते मी पेढीत बसल्यापासून माझा अर्थशास्त्रावरचा विश्वास उडाला. बाबांच्या मते तो अजूनही जास्तच आहे.

पेढीत बसले, हे सांगायचे राहिले. भावाने पुण्यात नोकरी घेतली. मी गेल्या हंगामापासून सकाळच्या सौद्याला जाते. पहिल्या दिवशी ओट्यावर चढले तेव्हा दोन-तीन जुने आडते गप्प झाले, मग त्यांतल्या एका काकांनी सरकून जागा दिली. साठ्याची नोंद पोर्टलवर भरण्याचे काम माझ्याकडे आले आहे. अण्णा खुर्चीत बसून आकडा विचारतात, मी सांगते, आणि ते तो स्वतःच्या लहान वहीत पेन्सिलीने लिहून ठेवतात. या डिसेंबरात नवी तूर आली तेव्हा बाबांनी मला विचारले, किती घ्यावी. मी १५० टन म्हटले. त्यांनी बराच वेळ भिंतीवरच्या दिनदर्शिकेकडे पाहिले आणि ४५ टनांचा सौदा केला.